प्रिंट स्पूलर बंद करा म्हणताय, पण कोणत्या संगणकावर?

संगणकांची देखभाल करणाऱ्या मंडळींमध्ये प्रिंट स्पूलरबद्दल, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणाऱ्या प्रोग्रामबद्दल, एक संदेश पुन्हापुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘प्रिंट स्पूलर ही विंडोजमधली जुनाट आणि धोकादायक सर्व्हिस आहे. हॅकर तिथूनच आत येतात. प्रिंटर नेटवर्कवर असेल तर तिची गरजच नाही, कारण रांग प्रिंटर स्वतः सांभाळतो. ती बंद केली की संगणक वेगवान होतो, प्रिंट अडकायचं थांबतं, पीडीएफवर काही परिणाम होत नाही. लिनक्स आणि मॅकवाल्यांना ही काळजीच नाही. आजच सगळ्या मशीनवर बंद करा.’

संदेश काही खोडसाळपणे लिहिलेला नाही. त्यात एक गंभीर गोष्ट खरी आहे, आणि तिच्या आधारावर बाकीच्या चुकीच्या गोष्टी खपून जातात. मी नेटवर्क सांभाळतो. काही सर्व्हरवरचा स्पूलर मी स्वतः कायमचा बंद केला आहे आणि उद्या नवा सर्व्हर आला तर तिथेही करेन. माझा आक्षेप ‘सगळ्या मशीनवर’ या शब्दांना आहे. त्या दोन शब्दांनी मी एक कार्यालय आठवडाभर अडलेलं पाहिलं आहे.

‘हॅकर तिथूनच आत येतात’

खऱ्या भागापासून सुरुवात करू. विंडोजमध्ये स्पूलर म्हणजे पार्श्वभूमीला चालणारा स्पूलएसव्ही नावाचा प्रोग्राम. तो ‘लोकल सिस्टीम’ या खात्याने चालतो, म्हणजे त्या मशीनवर त्याला जवळपास सगळे अधिकार असतात. शिवाय प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांचे प्रिंटर चालवणारे छोटे प्रोग्राम, लोड करणं हे त्याचं कामच आहे. एवढे अधिकार असलेला प्रोग्राम बाहेरून आलेला कोड लोड करतो आणि नेटवर्कवरून विनंत्याही स्वीकारतो. या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका असणारच.

२०२१चं ‘प्रिंटनाइटमेअर’ प्रकरण याच जागी घडलं. नेटवर्कवर लॉगिन असलेला साधा वापरकर्तासुद्धा दुसऱ्या मशीनच्या स्पूलरला ‘हा ड्रायव्हर बसव’ असं सांगू शकत होता, आणि स्पूलर ती फाइल पूर्ण अधिकारांनिशी चालवत होता. ८ जूनला आलेल्या दुरुस्तीने सगळं मिटलं असा समज झाला होता. महिनाअखेरीस हल्ल्याचा नमुना जाहीर झाला आणि ते भोक तसंच उघडं असल्याचं कळलं. मायक्रोसॉफ्टने ६ जुलैपासून नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर जाऊन पॅच दिले, आणि मोफत सपोर्ट संपलेल्या विंडोज ७लासुद्धा दिला. पुढे १० ऑगस्टच्या अपडेटपासून ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचे अधिकार सक्तीचे झाले.

हे पहिलंच प्रकरण नव्हतं आणि शेवटचंही ठरलं नाही. २०१०मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने पसरण्यासाठी ज्या त्रुटी वापरल्या, त्यांतली एक स्पूलरमधली होती. ऑक्टोबर २०२२मध्ये दुरुस्त झालेली आणखी एक त्रुटी एका रशियन हेरगटाने वापरल्याचं मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२४मध्ये जाहीर केलं.

तेव्हा धोका खरा आहे. पण या घटनांकडे नीट पाहिलं तर संदेशात गाळलेली गोष्ट दिसते. प्रिंटनाइटमेअरचा नेटवर्कवरून हल्ला करायचा, तर हल्लेखोराकडे वैध लॉगिन लागत होतं आणि समोरच्या स्पूलरपर्यंत पोहोचता यावं लागत होतं. स्टक्सनेटची स्पूलरमधून जाणारी वाट प्रिंटर शेअर केलेल्या मशीनवर उघडत होती. २०२२ची त्रुटी आधीच मशीनमध्ये शिरलेल्याला अधिकार वाढवून देणारी होती. आपल्या संगणकावरून प्रिंट पाठवणं आणि दुसऱ्यांच्या प्रिंट आपल्या संगणकावर घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. नेटवर्कवरून येणारा धोका मुख्यतः दुसऱ्या कामात आहे, आणि साध्या डेस्कटॉपला ते दुसरं काम करायचंच नसतं.

जुलै २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने तात्पुरते उपाय म्हणून दोन पर्याय दिले होते. एक, स्पूलर पूर्ण बंद करा. दोन, ग्रुप पॉलिसीतली (विंडोज मशीनवर लावायच्या नियमांतली) ‘ॲलाऊ प्रिंट स्पूलर टू ॲक्सेप्ट क्लायंट कनेक्शन्स’ ही सेटिंग ‘डिसेबल्ड’ करा आणि स्पूलर रीस्टार्ट करा. दुसऱ्या पर्यायात त्या मशीनला थेट जोडलेल्या प्रिंटरवरची छपाई चालू राहते, पण बाहेरून येणारी विनंती ते मशीन ऐकत नाही. फिरणाऱ्या संदेशात पहिला पर्याय राहिला आणि दुसरा गळून पडला. डेस्कटॉपसाठी तर दुसराच कामाचा होता.

पूर्ण बंद कुठे करायचा याचंही उत्तर स्पष्ट आहे: डोमेन कंट्रोलरवर (नेटवर्कमधल्या सगळ्यांची लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर), आणि ज्या सर्व्हरवरून कुणीच कधी प्रिंट काढत नाही अशा प्रत्येक सर्व्हरवर. डोमेन कंट्रोलरच्या बाबतीत कारण प्रिंटनाइटमेअरच्याही आधीचं आहे. २०१८मध्येच हे दाखवून दिलं गेलं होतं की साधा डोमेन वापरकर्ता कंट्रोलरच्या स्पूलरला ‘अमुक मशीनला सूचना पाठव’ असं सांगू शकतो, आणि कंट्रोलर स्वतःच्या खात्याने त्या मशीनपुढे ओळख पटवायला जातो. ते मशीन हल्लेखोराच्या ताब्यात असेल तर पुढे काय होईल हे सांगायला नको. जुलै २०२१मध्ये अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने आपल्या सगळ्या केंद्रीय कार्यालयांना डोमेन कंट्रोलरवरचा स्पूलर बंद करण्याचा आदेश काढला, तो उगीच नव्हे. याची एक छोटी किंमत आहे: ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे नेटवर्कमधल्या खात्यांच्या आणि यंत्रांच्या नोंदवहीत, नोंदवलेले पण प्रत्यक्षात काढून टाकलेले प्रिंटर आपोआप वगळले जात नाहीत, ती यादी हाताने साफ करावी लागते. ती किंमत आनंदाने मोजावी.

इथेच एका उलट गैरसमजालाही उत्तर द्यायला हवं. ‘पॅच आला, विषय संपला’ असं म्हणणारेही भेटतात. पॉइंट अँड प्रिंटच्या (शेअर केलेल्या प्रिंटरला जोडताना त्याचा ड्रायव्हर सर्व्हरवरून घेण्याच्या सोयीच्या) पॉलिसीत ‘ड्रायव्हर बसवताना इशारा नको, ॲडमिन पासवर्ड नको’ अशी सोय कुणी करून ठेवली असेल, तर पॅच असूनही मशीन उघडं राहतं. मायक्रोसॉफ्टने तेव्हाच हे स्वच्छ लिहिलं होतं. लोकांचे फोन येऊ नयेत म्हणून केलेली ही सोय मला अजूनही जुन्या नेटवर्कांत सापडते, आणि प्रत्येक वेळी मी ती काढून टाकतो.

‘नेटवर्क प्रिंटर असेल तर स्पूलर लागत नाही’

हे चूक आहे, आणि सगळ्यांत जास्त त्रास याच वाक्याने होतो. प्रिंटर नेटवर्कवर असला तरी आपल्या संगणकावरून त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता आपल्याच स्पूलरमधून जातो. प्रिंटर प्रिंट सर्व्हरवरून शेअर केलेला असेल तर आपला स्पूलर सर्व्हरच्या स्पूलरशी बोलतो. प्रिंटरच्या आयपी पत्त्यावर थेट प्रिंट जात असेल तर आपला स्पूलर पोर्ट ९१००वर, आयपीपी या छपाईच्या पद्धतीसाठी ६३१वर किंवा जुन्या एलपीडी पद्धतीने ५१५वर प्रिंटरशी जोडतो. तिन्हीकडे आपला स्पूलर आहेच. प्रिंटरला स्वतःची मेमरी असते, मोठ्या मशीनमध्ये डिस्कही असते, पण त्याचं काम आपल्याकडून जॉब, म्हणजे छपाईचं एक काम, निघाल्यावर सुरू होतं.

मी वर म्हटलं त्या कार्यालयात हा संदेश वाचून एका उत्साही सहकाऱ्याने सगळ्या डेस्कटॉपवरचा स्पूलर बंद केला. हेतू चांगलाच होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या प्रिंटरच्या याद्या रिकाम्या. एक संगणक चुकून राहिला होता, तेवढ्यावरून प्रिंट निघत होती. मग लोक पेन ड्राइव्ह घेऊन त्याच्यापुढे रांगेत उभे राहू लागले. आठवड्याभरात त्या संगणकाच्या डेस्कटॉपवर पगाराची पत्रकं, वैद्यकीय बिलं, करारांचे मसुदे, सगळं उघड्यावर पडलं होतं, आणि कुणाकुणाच्या घरच्या पेन ड्राइव्ह त्यात लागून गेल्या होत्या. सुरक्षेसाठी उचललेल्या पावलाने आधी नव्हता तो धोका आणून ठेवला. नंतर आम्ही स्पूलर पुन्हा सुरू केले, डेस्कटॉपवर बाहेरून येणारी जोडणी पॉलिसीने बंद केली, आणि दुसऱ्यांचे जॉब घेण्याची परवानगी फक्त प्रिंट सर्व्हरला ठेवली. एका दुपारचं काम होतं.

‘संगणक वेगवान होतो’

टास्क मॅनेजर उघडून स्पूलरची ओळ बघा. प्रिंट चालू नसताना तो प्रोसेसर जवळपास वापरतच नाही, आणि त्याने घेतलेली मेमरी ब्राउझरच्या एका टॅबपुढे किरकोळ असते.

उलट, स्पूलर जन्माला आला तोच संगणकाचा वेळ वाचवायला. प्रिंटर संगणकापेक्षा कायमच मंद राहिला आहे. मोठ्या मेनफ्रेमच्या काळात छपाई चालू असताना लाखमोलाचं यंत्र नुसतं थांबून राहू नये म्हणून मजकूर आधी टेपवर किंवा डिस्कवर लिहून ठेवायची पद्धत आली. ते गणित आजही लागू आहे. ए४ आकाराचं एक पान ६०० डीपीआयने छापायचं तर साधारण ४९६० गुणिले ७०१६, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके होतात. नुसतं काळं-पांढरं असेल तर चारसाडेचार एमबी, पूर्ण रंगीत असेल तर कॉम्प्रेशनपूर्वी शंभर एमबीच्या वर. असली चाळीस पानं प्रिंटर घेईल त्या गतीने पाठवत बसायचं काम वर्ड किंवा टॅलीने केलं, तर तोवर तो प्रोग्राम गोठलेला राहील. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रिंट डायरेक्टली टू द प्रिंटर’ असा पर्याय असतो, त्याने स्पूलिंग टाळता येतं. एखादी लांबलचक फाइल तशी छापून बघा, म्हणजे स्पूलर तुमच्यासाठी किती वाट बघत असतो ते कळेल.

‘पीडीएफवर परिणाम होत नाही’

होतो. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हाही विंडोजच्या दृष्टीने एक प्रिंटरच आहे. स्पूलर थांबला की तोही चालत नाही. वर्डमधलं ‘सेव्ह ॲज’ किंवा क्रोमचं स्वतःचं ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ चालतं, कारण ते या रस्त्याने जात नाहीत. हिशेबाची कित्येक जुनी सॉफ्टवेअर मात्र पीडीएफ फक्त प्रिंटरमार्फतच काढतात. विंडोजची फॅक्स सर्व्हिससुद्धा स्पूलरवर अवलंबून आहे.

‘प्रिंट अडकायचं थांबतं’

प्रिंटच बंद केल्यावर अडकणार काय! पण यामागचा वैताग मला समजतो, म्हणून खरं कारण सांगतो. जॉब रांगेत अडकतो तेव्हा दोष बहुधा स्पूलरचा नसतो. माझ्या अनुभवात पहिला संशयित म्हणजे प्रिंटरचा बदललेला आयपी पत्ता: राउटर रीस्टार्ट झाला, प्रिंटरला नवा पत्ता मिळाला, आणि संगणकावरचं पोर्ट अजून जुन्याच पत्त्यावर हाका मारतंय. राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवला की हा त्रास कायमचा जातो. दुसरा संशयित बिघडलेला ड्रायव्हर. विंडोज ७पासून ड्रायव्हर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची सोय आहे, तिच्यामुळे एक वाईट ड्रायव्हर सगळ्या स्पूलरला घेऊन पडत नाही. तिसरा, भरलेली डिस्क. वरचा शंभर एमबीचा हिशेब आठवा.

रांग साफ करायची वेळ आलीच तर क्रम महत्त्वाचा. ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट स्टॉप स्पूलर’, मग सिस्टीम३२मधल्या स्पूल फोल्डरात जे प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे त्याच्या आतल्या एसपीएल आणि एसएचडी फाइली काढायच्या, मग ‘नेट स्टार्ट स्पूलर’. प्रत्येक जॉबची एक जोडी असते: एसपीएलमध्ये छापायचा मजकूर, एसएचडीमध्ये तो कुणाचा, कोणत्या प्रिंटरचा ही माहिती. आतल्या फाइली काढायच्या, फोल्डर नाही. आणि हे प्रिंट सर्व्हरवर करत असाल तर थांबा: तिथे सगळ्या प्रिंटरचे, सगळ्या लोकांचे जॉब त्याच फोल्डरात असतात. आधी अडकलेल्या रांगेतला सर्वांत जुना जॉब तेवढा रद्द करून बघा, बहुतेक वेळा मागचे आपोआप सुटतात.

‘लिनक्स आणि मॅकवाल्यांना काळजी नाही’

दोन्हीकडे छपाई सांभाळतो तो कप्स. तो १९९९मध्ये आला, ॲपलने २००२मध्ये मॅकमध्ये घेतला. सप्टेंबर २०२४मध्ये त्याच्यासोबत अनेक लिनक्स मशीनवर चालणाऱ्या कप्स-ब्राउज्ड या सेवेशी निगडित त्रुटींची साखळी जाहीर झाली. ती सेवा नेटवर्कच्या यूडीपी पोर्ट ६३१वर कुणाचंही ऐकत होती. बाहेरचा माणूस एक पॅकेट पाठवून त्या मशीनवर खोटा प्रिंटर नोंदवू शकत होता, आणि कुणी त्या प्रिंटरवर प्रिंट दिली की त्या बाहेरच्या माणसाची कमांड चालत होती. ती रूट या सर्वाधिकारी खात्याऐवजी मर्यादित अधिकारांच्या खात्याने चालायची, हा फरक महत्त्वाचा, पण म्हणून निर्धास्त राहता येत नाही. उपाय इथेही तसाच निघाला: नेटवर्कवर कान लावून बसणारी कप्स-ब्राउज्ड बंद करायची. कप्सचा मुख्य प्रोग्राम कप्सडी सहसा फक्त त्याच मशीनपुरता ऐकतो, तो चालू राहू द्यायचा.

कप्सबद्दल आणखी एक. छापून झालेल्या जॉबच्या फाइली तो मुळातल्या सेटिंगप्रमाणे ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, जपून ठेवतो. गोपनीय कागद छापणाऱ्या मशीनवर ‘प्रिझर्व्ह जॉब फाइल्स’ची किंमत ‘नो’ करून ठेवा. विंडोजमध्ये फाइल छापल्यावर काढली जाते, फक्त प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमधलं ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ कुणी टिक करून ठेवलेलं नाही ना, ते बघायचं.

तुम्ही संदेश वाचून डेस्कटॉपवरचा स्पूलर आधीच बंद केला असेल, तर सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन त्याचा स्टार्टअप टाइप पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करा, बाहेरून येणारी जोडणी बंद करणारी वर सांगितलेली पॉलिसी लावा आणि मग सर्व्हिस सुरू करा. याच क्रमाने, म्हणजे मधल्या वेळात मशीन उघडं राहणार नाही. नंतर दोन चाचण्या घ्या: त्या मशीनवरून नेटवर्क प्रिंटरवर एक पान काढा, ते निघायला हवं. शेजारच्या मशीनवरून त्या मशीनच्या शेअर केलेल्या प्रिंटरला जोडून बघा, ते जोडलं जाता कामा नये.