एक शिट्टी द्या

परवा गणपती पेठेतल्या एका दुकानातून मी कुकरची शिट्टी विकत घेऊन बाहेर पडलो. आमच्या कुकरला ती बसत नाही. बसायचा प्रश्नच नव्हता, मी कुकरसाठी गेलोच नव्हतो.

जून लागला की सांगलीकराच्या पोटात गोळा येतो, त्यात मोबाईलवर कुणीतरी पुराच्या तयारीची यादी पाठवली. टॉर्च, जादा सेल, दोरी, औषधं, सुका खाऊ, पिण्याचं पाणी, कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि शिट्टी. बाकी सगळं दोन दिवसांत जमलं. शिट्टी राहिली. म्हटलं, जिथं चुकेपासून गॅसच्या शेगडीपर्यंत सगळं मिळतं, तिथं शिट्टीही मिळेल.

मालक आत माल काढत होते. काउंटरला टेकून स्टुलावर एक काका बसले होते. असे एक काका आमच्याकडे प्रत्येक दुकानात असतात. त्यांना काही घ्यायचं नसतं, विकायचंही नसतं, पण गिऱ्हाइकाची उलटतपासणी तेच घेतात.

“एक शिट्टी द्या,” मी म्हणालो.

“कुठल्या कंपनीची?” काका.

“कुठलीही चालेल.”

“आसं कसं चालंल? बसाय पायजे की.”

“बसवायची नाही हो, फुंकायची आहे.”

पलीकडे एक बाई कुकरची रिंग ताणून बघत होत्या, त्यांनी ताणायचं थांबवलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “कुकरची शिट्टी फुकणार?”

“कुकरची नाही. पोलिसांकडं असते ती.”

“पोलिसात हाय काय तुमी?”

“नाही.”

“मग पीटीचं मास्तर?”

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला समजावून सांगायची खोड आहे. म्हणालो, “पुरात अडकलो, तर ओरडून घसा बसतो. शिट्टी लांबवर ऐकू जाते. तीनदा वाजवायची, म्हणजे मदत पाहिजे असं कळतं.”

“तीनदा,” काका मान डोलवत म्हणाले. “म्हंजे डाळ शिजली.”

रिंगवाल्या बाई हसल्या. हमाल हसला. आतून मालकसुद्धा हसले, आणि त्यांनी तर माणूसही बघितला नव्हता.

काकांना जोर चढला. “आवो, एकोणीसला आमी चार दिवस गच्चीवर हुतो. शिट्टी वाजवली आसती तर बोटवाला म्हणला आसता, ह्यांचा कुकर लागलाय, आदी उपाशी लोकांकडं जाऊ. आमची म्हातारी वरडली म्हणून बोट आली. तिचा आवाज हरिपूरपतोर जातोय.” मग माझ्याकडे दयेनं बघून म्हणाले, “घरात वरडणारं कोण न्हाई व्हय?”

तेवढ्यात मालकांनी कुकरची शिट्टी पुढ्यात ठेवली. सगळे बघत होते. मी पैसे दिले. का दिले, हे मला अजून कळलेलं नाही.

हसण्याचं मला वाईट वाटत नाही. (वाटतं.) पण २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. हे आकडे सांगलीत पोराटोरांना पाठ असतात. ऑगस्टमध्ये इथं कुणी “जेवलात का” विचारत नाही, “आयर्विन किती?” विचारतं. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि अलमट्टीतून किती, यावर पानाच्या टपरीवर मारामारी व्हायची वेळ येते. एवढी विद्वान माणसं आम्ही, आणि पाणी मारुती चौकात आल्यावर माझ्या हाताला काय लागलं? इस्त्री. बायकोनं देवघरातला बाळकृष्ण घेतला आणि लोणच्याची बरणी. खरेदीखत, रेशनकार्ड, पोरीची मार्कलिस्ट, सगळं खालच्या कप्प्यात राहिलं.

आठवड्यानं विश्रामबागेतल्या मेव्हण्याकडून परत आलो, तर कपाटाचं दार फुगून उघडेना. चिखलाच्या वासात उभं राहून पंचनाम्याला आलेल्या माणसाला मी सांगितलं की कागद पुरात गेले. तो म्हणाला, “मग पूरग्रस्त असल्याचा पुरावा काय?” भिंतीवर माझ्या गळ्याइतक्या उंचीवर ओली रेघ होती. ती त्यानं बघितली आणि म्हणाला, “झेरॉक्स असेल तर आणून द्या.” झेरॉक्सच्या दुकानातही तेवढंच पाणी होतं. त्या दिवशी मला काही सुचलं नाही. गेली कित्येक वर्षं रात्री झोपेत त्याला द्यायची उत्तरं सुचतात, एकाहून एक सरस. तर म्हणून हा सगळा खटाटोप.

घरी आलो आणि कुकरची शिट्टी पिशवीत टाकायला गेलो, तर पिशवी हलकी लागली. टॉर्चमधले सेल भिंतीवरच्या घड्याळात गेले होते. घड्याळातले आधीच टीव्हीच्या रिमोटमध्ये गेले होते. जादा सेल कुठं गेले हे कुणालाच माहीत नव्हतं. दोरीवर टॉवेल वाळत होते. आणि आपत्तीसाठी आणलेल्या अर्धा किलो भडंगाच्या पुड्यात तळाशी दोन लसणाच्या पाकळ्या आणि एक शेंगदाणा.

“कुणी खाल्लं?” मी ओरडलो. घसा बसेपर्यंत ओरडलो. कुणी आलं नाही.

आज सकाळी दूध आणायला त्याच दुकानावरून जावं लागलं. मी मान खाली घालून पलीकडच्या कडेनं निघालो होतो. काका स्टुलावरूनच ओरडले, “ओ पंच! आज आयर्विन किती?”

मी मान वर करून म्हणालो, “साडेबारा.”