‘सातबारा मोबाइलवर दिसतो, मग बांधावर येऊन संशोधन कशाला?’

दादा, नमस्कार. मागच्या लेखावर तुम्ही विचारलंत की सातबारा ऑनलाइन झाला, मोबाइलवरून पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणी आली, तरी जमिनीवर संशोधन करणारे गावोगाव का हिंडतात, आणि परदेशी माणसांना आमच्या शेतीतलं काय कळतं? प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जमीन कुणाच्या नावावर आहे हे सातबारा सांगतो. ती कसतो कोण, हे बऱ्याचदा सांगत नाही. आपल्या करवीर-शिरोळकडंच बघा. मालक पुण्या-मुंबईला, रान गावातल्या कुणीतरी खंडानं (ठरलेल्या भाड्यानं) नाहीतर पिकाच्या वाट्यानं केलेलं, आणि सगळा व्यवहार तोंडी. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीनं मालक कागद करत नाही. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी उसात उभं राहिलं, पोंग्यात पाणी जाऊन ऊस कुजला. लावणीचा, खताचा, भांगलणीचा पैसा ज्यानं घातला, त्याचं नाव पंचनाम्यात येणार कुठून? भरपाई खातेदाराच्या नावावर. त्यानं उचलून दिली तर दिली. सोसायटीचं पीककर्जही या माणसाला त्या रानावर मिळत नाही. सरकारी दप्तरात तो नाहीच. त्याच्या सोप्यात बसून ‘यंदा खंड किती ठरला?’ असं विचारलं तरच तो सापडतो.

हे जुनंच दुखणं आहे. कसणाऱ्या कुळांना संरक्षण देणाऱ्या १९४८ च्या मुंबई कूळकायद्याचं प्रत्यक्षात काय झालं, याची पाहणी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे केली. तिचा अहवाल १९५७ चा. कुळांनी राजीखुशीनं जमिनी सोडल्याच्या नोंदी दप्तरात भरपूर होत्या. ती खुशी खरी होती का, याचा शोध घ्यायला ते कुळांपर्यंत गेले, आणि बरीचशी खुशी कागदापुरतीच निघाली. नुसती दप्तरं चाळली असती तर कायदा झकास चाललाय असंच वाटलं असतं.

आता परदेशी माणसांचं. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान इंग्रजच होते. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास १९१७ मध्ये छापला. जुनी कागदपत्रं तपासली आणि घरोघर जमाखर्चही विचारला. १७७१ मध्ये तिथं सरासरी ४० एकरांचा खातेदार होता, १९१५ च्या सुमाराला तो ७ एकरांवर आला होता. आज तिथं टोलेजंग इमारती आहेत. त्या शिवारातल्या वाटण्यांचा हिशेब आपल्याला मिळतो तो या अभ्यासामुळे. माणूस कुठला यापेक्षा तो गावात किती टिकून राहिला, हे मी बघते.

तुमची एक तक्रार मात्र मला सोळा आणे पटते. संशोधन इंग्रजीत छापलं जातं आणि गावाला त्याचा पत्ताही नसतो. ज्यांनी कामधंदा सोडून उत्तरं दिली, त्यांना निष्कर्ष मराठीत मिळालेच पाहिजेत. ग्रामसभेत वाचून दाखवावेत, चुकलं असेल तिथं गाव तोंडावर सांगेल. फक्त तोंडी खंडानं कसणाऱ्यांची नावं त्यात येऊ देऊ नयेत, नाहीतर पुढच्या हंगामात त्यांचंच रान काढून घेतलं जाईल.