केळकरांचं नाव, कानविंद्यांची इमारत

आयआयटी कानपूरची लायब्ररी पाहून "रंग द्यायचा राहिलाय का?" असं विचारणारे पाहुणे मी तिथे शिकताना पुष्कळ पाहिले. आमच्या बाबांनीही तेच विचारलं होतं. राहिला नाही हो, द्यायचाच नव्हता!

उघडं काँक्रीट, मध्ये विटा, वर गिलावा नाही. जवळ जाऊन हात फिरवला की शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, सांध्यांच्या रेघा बोटांना लागतात. कॅम्पसच्या ऐन मध्यात ही इमारत, आणि फॅकल्टी बिल्डिंग, लेक्चर हॉल, सगळं एकमेकांना जोडणारे उंचावरचे लांबलचक व्हरांडे. मे महिन्यात कानपुरात लू सुटते तेव्हा त्यांची किंमत कळते. खालून चाला, डोक्यावर सावली. ज्याने हे आखलं त्याला आपल्याकडचं ऊन ठाऊक होतं.

ठाऊक असणारच, माणूस मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचा. वास्तुविशारद अच्युत कानविंदे, जन्म १९१६. जे. जे.मध्ये शिकले, हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस या नामवंत जर्मन वास्तुविशारदाच्या हाताखाली गेले आणि १९६०च्या दशकात हा कॅम्पस उभा केला. लायब्ररीला नाव आहे ते संस्थेचे पहिले संचालक पु. का. केळकर यांचं. उत्तर प्रदेशातल्या एका इमारतीवर दोन मराठी माणसांचा ठसा, आणि आपल्याला पत्ता नाही.

"पण ओंगळ दिसतं ना ते!" दिसतं, कबूल. काळे ओघळ येतात. काँक्रीटला मरण नाही हा गैरसमज आहे. भेगेतून पाणी शिरलं की आतली सळई गंजते, फुगते आणि वरचा थर ढलपे सुटून पडतो. यावर उपाय म्हणजे गळती काढणं, सळई साफ करून नीट दुरुस्ती करणं. आपण काय करतो? वरून क्रीम कलरचा हात मारतो, भिंतीला एसीचे डबे टांगतो, वायरी लोंबकळत सोडतो, आणि मग म्हणतो, इमारत कुरूप आहे. माझ्या ओळखीच्या एका कॉलेजने अशीच जुनी इमारत चकचकीत पत्र्याने मढवली. आत पाणी गळतंय ते गळतंयच. दिल्लीत तर २०१७ साली वास्तुविशारद राज रेवल यांचा हॉल ऑफ नेशन्स, असाच उघड्या काँक्रीटचा प्रदर्शन हॉल, सरळ जमीनदोस्त केला.

कानपूर लांब पडत असेल तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही कानविंद्यांचंच. शाळेच्या सहलीत आपल्यातले निम्मे तरी तिथे जाऊन आलेत. इमारतीकडे मान वर करून कुणी पाहिलं होतं का, सांगा.