जुनी ब्रिटिश डबल डेकर म्हणजे फक्त लाल रूटमास्टर? त्या फिरणाऱ्या पोस्टला उत्तर

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या डिझेल डबल डेकर बंद झाल्या, तेव्हापासून एक पोस्ट फिरतेय आणि कुणी ना कुणी ती परत टाकतंच. मजकूर थोडक्यात असा: जुन्या काळी अख्ख्या ब्रिटनमध्ये लाल रूटमास्टरच (लंडनची ती मागे उघडा प्लॅटफॉर्म असलेली प्रसिद्ध डबल डेकर) धावायच्या, म्हाताऱ्या झाल्यावर त्याच मुंबईला आल्या, एवढी भारी गाडी युरोपियन युनियनच्या नियमांनी मोडीत काढली, आणि त्या काळात बसमध्ये काळा-गोरा भेद नव्हता, सगळा स्टाफ एका कुटुंबासारखा. रूटमास्टर मलाही प्रचंड आवडते, पण यातलं एकही विधान टिकत नाही, आणि अशा पोस्टमुळे ज्यांचं काम पुसलं जातं त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मुंबईचा मुद्दा आधी घेऊ कारण तो दोन तारखांत निकालात निघतो. मुंबईत डबल डेकर बस सुरू झाली १९३७ मध्ये. रूटमास्टरचा पहिला नमुना, आरएम १, लोकांना दिसला १९५४ च्या अर्ल्स कोर्टच्या मोटर शोमध्ये आणि त्यात प्रवासी बसले १९५६ च्या फेब्रुवारीत. मुंबईचं ब्रिटनशी नातं आहे, नाही असं नाही, पण ते लेलँड या ब्रिटिश बस बनवणाऱ्या कंपनीकडून येतं, कारण अशोक लेलँडची टायटन ही लँकेशायरच्या लेलँड टायटनच्या घराण्यातली.

आता "अख्ख्या ब्रिटनमध्ये रूटमास्टर". एकूण बनल्या २८७६ आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या लंडनची बससेवा चालवणाऱ्या लंडन ट्रान्सपोर्टच्या. लंडनबाहेर नव्या कोऱ्या रूटमास्टरचा ताफा घेणारी बस कंपनी एकच, गेट्सहेडची नॉर्दर्न जनरल, तिने घेतल्या ५०. शिवाय ब्रिटिश युरोपियन एअरवेजने हीथ्रोच्या प्रवाशांसाठी ६५ घेतल्या, त्यांच्या मागे सामानाचा ट्रेलर जोडलेला असायचा. ग्लासगो, ब्लॅकपूल, साउथएंडला रूटमास्टर गेल्या हे खरंय, पण ऐंशीच्या दशकात, लंडनने काढून टाकलेल्या सेकंडहँड. आणि सगळ्या लाल म्हणाल तर लंडन ट्रान्सपोर्टच्याच शहराबाहेरच्या भागातल्या रूटमास्टर हिरव्या होत्या.

मग बाकीच्या ब्रिटनमध्ये काय धावत होतं? तिथे कितीतरी शहरांच्या नगरपालिकांची स्वतःची बससेवा होती, स्वतःचा रंग, स्वतःची खरेदी, आपल्याकडे बेस्ट किंवा पीएमटी होती तशी. बर्मिंगहॅमच्या निळ्या-क्रीम, ग्लासगोच्या हिरव्या-नारिंगी-क्रीम, एडिनबरात गडद तांबडा आणि पांढरा. ब्राइटनकडची साउथडाउन कंपनी फिक्या हिरव्या रंगाची. मिडलँड रेड तर बर्मिंगहॅममधल्या आपल्याच कारखान्यात आपल्याच इंजिनियरांनी डिझाइन केलेल्या बस बनवून चालवायची.

यात मला सगळ्यात जास्त जवळची वाटते ती ब्रिस्टल शहरात बनणारी डबल डेकर, लोडेका, आणि तिचं नावही या पोस्टवाल्यांना माहीत नसतं. प्रॉब्लेम असा होता की साधी डबल डेकर साडेचौदा फूट उंच आणि गावोगावचे रेल्वेपूल बुटके. १९२७ च्या लेलँड टायटनने यावर तोड काढली ती वरच्या मजल्यावरची चालायची वाट एका कडेला, खाली दबवून घ्यायची आणि उरलेल्या जागेत चार-चार माणसांची सलग बाकं टाकायची. उंची कमी झाली, पण खिडकीजवळच्या माणसाला उतरायचं तर तिघांच्या गुडघ्यांवरून जावं लागायचं, आणि खालच्या मजल्यावर उजव्या बाजूला बसलेला माणूस उठला की डोकं त्या दबलेल्या वाटेच्या तळाला आपटायचं. लोकांनी हे वीसेक वर्षं सहन केलं. १९४९ मध्ये ब्रिस्टलच्या इंजिनियरांनी नमुना काढला त्यात इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा मधून न नेता बाजूने नेला आणि मागचा ॲक्सल मधे खाली वाकवला, त्यामुळे खालचा मजलाच रस्त्याजवळ आला, दोन्ही मजल्यांवर वाट मधोमध राहिली आणि एकूण उंची एक फुटाने उतरली. अशा पाच हजारांवर गाड्या बनल्या, म्हणजे रूटमास्टरपेक्षा कितीतरी जास्त. फक्त त्या लंडनच्या पोस्टकार्डावर कधी आल्या नाहीत.

युरोपियन युनियनचा मुद्दा. रूटमास्टर बनवणं १९६८ मध्ये थांबलं, तेव्हा ब्रिटन युरोपियन समुदायात नव्हताच, तो गेला १९७३ मध्ये. थांबायचं कारण घरचंच. १९५८ च्या अखेरीस लिव्हरपूलजवळच्या वॉलसीच्या नगरपालिकेने लेलँड ॲटलांटियन रस्त्यावर आणली, इंजिन मागे आणि दार पुढे ड्रायव्हरच्या शेजारी. १९६६ मध्ये डबल डेकर एकट्या ड्रायव्हरने चालवायची परवानगी मिळाली, पाठोपाठ सरकारने तशाच गाड्यांना अनुदान सुरू केलं, मग मागे उघडा प्लॅटफॉर्म आणि वेगळा कंडक्टर असलेली नवी गाडी कोण घेणार. ९ डिसेंबर २००५ ला १५९ नंबरच्या रूटवरून नियमित सेवेतली शेवटची रूटमास्टर गेली तेही लंडनच्याच निर्णयाने, कारण ब्रिटनच्या स्वतःच्या अपंगांविषयीच्या कायद्याप्रमाणे डबल डेकरसाठी मुदत २०१७ च्या सुरुवातीपर्यंत होती. उघडा प्लॅटफॉर्म गेला याचं मलाही वाईट वाटतं, पण व्हीलचेअरवरच्या माणसाला त्या गाडीत पन्नास वर्षं चढताच येत नव्हतं आणि हे त्या पोस्टमध्ये कुणी लिहीत नाही.

आणि शेवटचं, "भेदभाव नव्हता". हे वाचून खरंच राग येतो. लोडेका चालवणाऱ्या ब्रिस्टल ऑम्निबस कंपनीत काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेतच नसत, आणि तिथल्या कामगार युनियनच्या शाखेने १९५५ मध्ये तसा ठरावच केला होता. लंडन ट्रान्सपोर्ट १९५६ पासून थेट बार्बाडोसमधून माणसं भरती करत होती त्याच काळात हे चाललं होतं. १९६३ च्या एप्रिलअखेर पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट आणि त्यांच्या साथीदारांनी ब्रिस्टलच्या बसवर बहिष्कार जाहीर केला, चार महिने लढले, आणि २८ ऑगस्टला कंपनीला ही बंदी उठवावी लागली. पुढच्या महिन्यात तिथे लागलेला पहिला गोरेतर कंडक्टर आपल्याकडचा, रघबीर सिंग, पगडी घालणारा शीख. तरीही वॉल्व्हरहॅम्प्टनमध्ये १९६७ ला तरसेम सिंग संधू दाढी-पगडीत ड्युटीवर आले तर त्यांना घरी पाठवलं, आणि तिथल्या परिवहन समितीने दाढी-पगडीवर बंदी घालणारा नियम मागे घ्यायला एप्रिल १९६९ उजाडलं.