पोरांना प्रेमाच्या कादंबऱ्यांपासून वाचवा, निदान मराठीतल्या तरी

घरात तेरा ते अठरा वयाचं पोर असेल आणि ते खोलीचं दार लावून काहीतरी वाचत बसलेलं असेल तर लगेच घाबरून जाऊ नका. आधी पुस्तक कुठल्या भाषेतलं आहे तेवढं फक्त बघून या. इंग्रजी असेल तर दार हळूच लोटून घ्या, वाटलं तर कॉफी करून द्या. मराठी असेल तर मात्र खाली बसा आणि पुढचं नीट वाचा, कारण मराठीतलं तुम्हालाही कळतं आणि सगळा घोळ तिथेच होतो.

इंग्रजीचं एक बरं असतं, त्यात काहीही चालतं. फुटपाथवर प्लास्टिक अंथरून मांडलेली ती दीडशे-दोनशेवाली पायरेटेड पुस्तकं तुम्ही पाहिलीच असतील, फिकट गुलाबी नाहीतर जांभळं कव्हर आणि त्यावर कार्टूनसारखे काढलेले एक मुलगा एक मुलगी. पोरगी तीन उचलते, तुम्ही घासाघीस करून पैसे देता आणि संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर "आमची महिन्याला चार-चार फस्त करते हो, सगळी इंग्लिश" असं सांगता. आत काय आहे ते बघायच्या फंदात पडू नका. आत सातव्या प्रकरणात पहिला किस आहे, अकराव्यात एक मुलगा बापाला सांगतोय की मला मुलगेच आवडतात, आणि पंधराव्यात कोणीतरी थेरपिस्टसमोर बसून रडतंय. तुम्ही एवढंच विचारायचं, व्होकॅब वाढतेय ना? वाढतेय की. अ‍ॅलिस ऑसमनचं 'हार्टस्टॉपर' घरात आलं, दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाची चित्रकथा, तर कव्हरवरचे दोघं बघून मावशी म्हणाली मैत्रीवर दिसतंय, छान आहे, नाहीतर हल्ली मुलांना मित्रच कुठे असतात. मावशीला दुरुस्त करू नका. मावशी सुखात आहे, पोर सुखात आहे, तुम्ही कशाला मध्ये पडताय.

आता हेच मराठीत आलं तर? सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ साली आली. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट म्हणून एक मुलगा राहायला येतो आणि त्या घरातला भाऊ आणि बहीण दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. आधी भाऊ बोलतो, मग बहीण. ही कादंबरी मराठीत तुमच्या टीपॉयवर पडलेली दिसली तर आजोबा चष्मा लावून ब्लर्ब वाचणार, मग काकांना फोन जाणार, मग रविवारी सगळे मिळून मुलाशी "सहजच" बोलायला बसणार आणि कोणीतरी समुपदेशकाचा नंबर काढणार. त्यापेक्षा सोपा उपाय आहे. जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला, तो आणून ठेवा. म्हणजे पुण्यातलं पोर पुण्यातल्याच घराबद्दल मराठीत लिहिलेलं पुस्तक इंग्रजीत वाचेल, आणि पाहुणे आले की "लिटरेचरकडे कल आहे हो त्याचा" असं म्हणता येईल.

अमेरिकेतल्या पालकांची मला खरंच दया येते. केवढी ती मेहनत! शाळेच्या बोर्डाच्या मीटिंगला जायचं, माइकवरून पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायचा, लेखी तक्रार करायची, याद्या करायच्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदीप्रमाणे एकट्या २०२३ मध्ये तिकडे शाळा आणि लायब्ऱ्यांतल्या ४,२४० पुस्तकांवर आक्षेप घेतले गेले. युटा राज्याने २०२४ मध्ये सगळ्या सरकारी शाळांमधून काढायच्या १३ पुस्तकांची यादी काढली, त्यात ज्युडी ब्लूम यांची 'फॉरएव्हर' आहे, जी १९७५ ची आहे, म्हणजे जवळपास पन्नास वर्षं झाली आणि अजून काही ती आटोक्यात आलेली नाही. त्या पुस्तकाची जन्मकथाच बिघडलेली आहे म्हणा. ब्लूमबाईंच्या मुलीने आईला सांगितलं की अशी गोष्ट लिही ज्यात दोन चांगली मुलं प्रेमात पडतात, पुढे जे व्हायचं ते होतं, आणि शेवटी कोणालाही मरावं लागत नाही. आणि आईने बसून लिहिली! आपल्याकडे अशी मागणी करणारी मुलगीच आधी निघत नाही, आणि निघालीच तर आई विचारेल, हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं, ती रिया ना?

आपली पद्धत बघा, किती शांत. मीटिंग नाही, यादी नाही, मोर्चा नाही, कोर्टकचेरी नाही. पुस्तक लिहिलंच गेलं नाही तर बंदी घालायची कशावर?

अधूनमधून एखादं लिहिलं जातं, हे कबूल. मिलिंद बोकीलांची 'शाळा' घ्या. नववीतला मुकुंद जोशी, वर्गातली शिरोडकर, भोवती आणीबाणी. नववीतल्या पोराची अख्खी टगेगिरी, भीती, ती चोरून बघण्याची धडपड, सगळं त्यात आहे. आता हे पुस्तक नववीतल्या मुलाच्या हातात पडलं तर काय होईल? त्याला कळेल की हे असं सगळ्यांना होतं. हे होऊ द्यायचं नाही. त्यामुळे 'शाळा' वाचायचं योग्य वय पंचेचाळीस, ठिकाण फार्महाऊस, निमित्त शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर, हातात ग्लास, आणि मग एकेकाने आपापल्या शिरोडकरला आठवून डोळे पुसायचे, तिच्या नवऱ्याला ग्रुपवर अ‍ॅड करायचं की नाही यावर वाद घालायचा. त्याच वेळी घरी नववीतलं पोर मोबाइलवर कोणाशी तरी चॅट करत असेल तर फोन करून ओरडायचं, हे तुझं अभ्यासाचं वय आहे!

सार्वजनिक वाचनालयांची या कामात फार मदत होते, त्यांचे आभार मानायला हवेत. बालविभागाचं काचेचं कपाट असतं, कमरेएवढं, त्यात परीकथा, बिरबल, शास्त्रज्ञांची चरित्रं, आणि फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा एवढ्या पुस्तकांत एवढे चोर पकडतो, सायकल दामटतो, ट्टॉक करतो, पण कधी आरशासमोर उभा राहून मिशी फुटलीय का बघत बसत नाही. (मला फाफे आवडतो, आजही आवडतो, भांडायला येऊ नका.) मग एक दिवस पोर त्या कपाटापेक्षा उंच होतं. बाई सांगतात आता तू मोठ्यांच्या विभागात जा. तिथे समोर ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या आठशे-आठशे पानांच्या विटा रचलेल्या, त्याच्या शेजारी दिवाळी अंकांचे गठ्ठे, आणि खिडकीपाशी स्पर्धा परीक्षेचं कपाट. पोर दहा मिनिटं घुटमळतं, एक-दोन पुस्तकं काढून परत ठेवतं आणि खिडकीपाशी जातं. झालं काम. बारा ते अठरा हा मधला भाग कुठल्याच कपाटात नाही, त्यामुळे तो झालाच नाही असं धरून चालता येतं.

तरीही पोराला "मी कोण" वगैरे प्रश्न पडायलाच लागले तर 'मृत्युंजय' द्या. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. त्याच वर्षी तिकडे तुल्सा गावातल्या एस. ई. हिंटन नावाच्या मुलीची 'द आउटसायडर्स' छापून आली, शाळेत असतानाच लिहायला घेतलेली, शाळेतल्याच पोरांच्या टोळ्यांबद्दलची. आपण असला पोरकटपणा केला नाही. आपल्याकडेही जन्माचा पत्ता नसलेला, आई माहीत नसलेला, जातीवरून डिवचला जाणारा मुलगाच नायक आहे, पण त्याला कवचकुंडलं आहेत आणि बाप थेट सूर्य आहे. ओळखीचा प्रश्न पडावा तर असा पडावा. तुमच्या पोराला नुसते पिंपल आणि इन्स्टाग्राम आहे, त्याने कसले प्रश्न पाडून घ्यायचे?

आणि 'श्यामची आई' द्याच, मुंजीत द्या, वाढदिवसाला द्या, घरात तीन कॉपी झाल्या तरी द्या. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली असं सांगून "नाहीतर तू" हे दोन शब्द पुढे जोडा. फक्त स्वतः पुन्हा वाचू नका. त्यात ती आई भित्र्या श्यामला माळ्यावरून ओढून काढून, फटके देऊन विहिरीवर पोहायला पिटाळते. तुम्ही पोराला ट्रेकच्या बसमध्ये बसवताना लोकेशन शेअर करून घेता.

लिहिण्याच्या बाबतीत तर बोर्डाने आपलं काम आणखी सोपं केलंय. दहावीपर्यंत पोर काय काय लिहून जातं आठवा. छत्रीचं मनोगत, फाटक्या पुस्तकाचं मनोगत, पडक्या किल्ल्याचं आत्मवृत्त, शेतकऱ्याचं मनोगत, मी झाड बोलतोय, मी नदी बोलतेय. सगळे बोलतात. स्वतःचं मनोगत मात्र एकवीस अपेक्षितमध्ये कधी आलेलं नाही, त्यामुळे ते तयार करायची गरज नाही, पाच मार्कांना सोडून दिलं तरी चालेल. विज्ञान भाग दोनमधला प्रजननाचा धडाही बऱ्याच वर्गांत असाच उरकतो, सर म्हणतात आकृती महत्त्वाची आहे, नावं पाठ करा, बाकी घरी वाचून या. घरी आई म्हणते सरांना विचार.

कोणी हौशी लेखक किंवा लेखिका असाल आणि कुमारांसाठी कादंबरी लिहायची खुमखुमी आली असेल तर तुम्हालाही दोन शब्द. मे महिन्याची सुट्टी घ्या, कोकणातलं आजोळ घ्या, चार पोरं घ्या, त्यात एक मुलगी चालेल पण ती चुलतबहीण पाहिजे. गुहेत तस्कर सापडू द्या. शेवटी इन्स्पेक्टरांनी पाठ थोपटली पाहिजे. कोणाच्या आईबापाचा घटस्फोट नको, कोणाला पाळी यायला नको, कोणाचं वजन, रंग, आडनाव यावरून काही नको. फार वाटलं तर पर्यावरण घ्या. परीक्षण लिहिणारा "संस्कारक्षम" म्हणेल, पुरस्कार मिळेल, प्रती शाळांच्या लायब्ररीत जातील आणि कुलूपबंद कपाटात सुरक्षित राहतील. आणि मग दोन वर्षांनी एखाद्या परिसंवादात जाऊन "आजची मुलं मराठी का वाचत नाहीत" यावर तुम्हालाच बोलायला बोलावतील, मानधनासकट.

आडनावावरून आठवलं. नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६ मध्ये आला तेव्हा आपण पोराबाळांना घेऊन थिएटरात गेलो होतो, पुढच्या कित्येक हळदींना 'झिंगाट'वर आत्यापासून आजीपर्यंत सगळे नाचले. शेवट विसरायचा असतो, गाणं लक्षात ठेवायचं असतं, हे मोठ्यांना बरोबर जमतं. पोरांना जमत नाही. ती शेवट बघून गप्प होतात आणि मग जेवताना विचारतात, बाबा, आपल्याकडे चालेल का? अशा वेळी "कोण आहे तो?" असं लगेच विचारू नका, संशय येतो. "पूर्ण नाव काय त्याचं?" असं विचारा. "पूर्ण" वर जोर नको. मी एका घरात हा प्रश्न इतक्या प्रेमाने विचारलेला ऐकलाय की पोरीने नाव, वडलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं सांगून टाकलं आणि पुढच्या आठवड्यात तिचा क्लास बदलला. बॅचचं टायमिंग सूट होत नव्हतं म्हणे.

इतकं सगळं करून तुम्ही थकलात की रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर तुमची ती मराठी कथामालिका उघडा. भाग एकशे बेचाळीस. करारावर लग्न झालंय, तो अब्जाधीश आहे, खडूस आहे, तिच्याकडे बघतसुद्धा नाही, पण ती पाय घसरून पडताना त्याने तिला बरोब्बर कमरेतून धरलंय आणि भाग नेमका तिथेच संपलाय. हे तुम्ही वाचू शकता, तुमचं वय झालंय. पलीकडच्या खोलीत दिवा चालू दिसला तर भिंतीवरून ओरडा, झोप आता, सकाळी सातचा क्लास आहे.

मग एक दिवस पोरगी सव्वीसची होते आणि तुम्ही तिच्या शेजारी बसून, केसांवरून हात फिरवत, आयुष्यात पहिल्यांदाच विचारता, "मनात कोणी असेल तर आत्ताच सांग हं बाळा, आम्ही काही तसल्या विचारांचे नाही." ती मोबाइलमधून मान वर न करता "नो, इट्स फाइन" म्हणते. तुम्हाला हायसं वाटतं. बायोडेटा करायला घ्या. उंची, गोत्र, पॅकेज, अपेक्षा निर्व्यसनी, आणि छंदाच्या रकान्यात वाचन टाकाच, ते सगळेच टाकतात. मुलाकडचे कांदेपोहे खाताना विचारतील कोणतं पुस्तक आवडतं, तर तिला आधीच सांगून ठेवा, 'मृत्युंजय' म्हण. त्यांनीही बायोडेटात वाचनच लिहिलेलं असतं, पुढे कोणी काही विचारत नाही.