पोट्ट्यांना मतदान शिकवू नका म्हणे!

आमच्या दारव्हा तालुक्यात गावोगावच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. "जागे व्हा पालकांनो! शाळेत मंत्रिमंडळाच्या निवडणुका घेऊन लेकरांच्या डोक्यात राजकारण भरणं बंद करा." त्याखाली चार कारणं, आणि शेवटी मतदारांसाठी 'महत्त्वाची माहिती'. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

"अभ्यास बुडतो, हे अभ्यासक्रमात नाही." दहावीचं राज्यशास्त्र उघडून पाहा. दुसरंच प्रकरण आहे 'निवडणूक प्रक्रिया'. पुढचा मुद्दा.

"मत अठराव्या वर्षी, मग आताच कशाला?" मत अठराव्या वर्षी, पण अर्ज सतरा पूर्ण झाले की आधीच करून ठेवता येतो. 2022 पासून यादीत नाव येण्यासाठी वर्षाला चार तारखा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. म्हणजे बारावीतल्या पोरीला यादीत नाव नोंदवायचा नमुना 6 भरता येतो. तिला हे सांगणार कोण? आपल्याकडे बारावी झाली की अनेक पोरींची लग्नं उरकतात. नाव माहेरच्या यादीत राहतं, नाहीतर कुठेच नसतं. पत्ता बदलायला नमुना 8 लागतो हे तिला माहीत नाही, नवऱ्याला नाही आणि गावभर पुढारपण करणाऱ्या सासऱ्यालाही नाही. मतदानाच्या दिवशी रांगेत उभी राहते आणि तशीच घरी येते. मग बीएलओच्या, म्हणजे गावची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावानं बोटं मोडायची. तो बीएलओ कित्येकदा आपल्याच शाळेचा मास्तर असतो!

"शाळेत राजकारण आलं की गावातले गट वर्गात येतील." ही भीती अगदीच खोटी नाही. पण गट वर्गात कधीचेच आलेले आहेत. ग्रामपंचायत लागली की पाचवीतलं पोट्टं सांगते, कोणाकडे मटण शिजलं आणि कोणत्या वॉर्डात पाकिटं फिरली. हे त्याला शाळेनं शिकवलेलं नाही. शाळा त्याला गुप्त मत शिकवू शकते. हात वर करून शाळेचा मुख्यमंत्री निवडायला सांगा. ज्याच्या घरी ट्रॅक्टर त्याचंच पोरगं येईल, कारण सगळे एकमेकांच्या हाताकडे पाहतात. तीच निवडणूक चिठ्ठीवर, खोक्याच्या आडोशाला घ्या, नाहीतर मास्तरांच्या मोबाइलमधल्या मतदान यंत्राच्या ॲपवर घ्या. मग मागच्या बाकावरच्या पोरीलाही संधी असते. हे एकदा अनुभवलेलं लेकरू मोठेपणी "कोणाले मत देलं ते आमाले समजते" या दमदाटीला सहजासहजी भीत नाही. मत कोणाला गेलं ते दाखवणारी, मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद फक्त मतदाराला दिसते आणि पेटीत पडते, एवढं तरी त्याला ठाऊक असतं.

लेकरांना राजकारणापासून दूरच ठेवायचं असेल, तर प्रचाराच्या गाडीवर झेंडे घेऊन बसवलेली पोरं आधी उतरवा. फेब्रुवारी 2024 मध्ये निवडणूक आयोगानं सगळ्या पक्षांना हेच बजावलं होतं. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

"बटण दाबायला शिकायचं काय?" हे विचारणाऱ्यानं स्वतःच्याच मेसेजचा शेवट वाचावा. "यादीत नाव नसेल तर आधार दाखवून चॅलेंज व्होट मागा. 14 टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट पडले तर त्या केंद्रावर फेरमतदान." दोन्ही गोष्टी खोट्या.

यादीत नाव नसेल तर मत नाही, आधार दाखवा की सातबारा. चॅलेंज मतदार मागत नसतो. उमेदवाराचा पोलिंग एजंट समोरच्याच्या ओळखीवर आक्षेप घेतो, दोन रुपये जमा करतो आणि केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करून निर्णय देतो. टेंडर व्होट आणखी वेगळं. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल, तर ओळख पटल्यावर तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. यंत्राचं बटण दाबायला मिळत नाही. ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. 14 टक्क्यांचा असा नियमच नाही. निवडणूक प्रक्रिया शिकवूच नका म्हणणाऱ्यालाच ती येत नाही, आणि शेकडो लोक डोळे मिटून पुढे पाठवत आहेत.

बरं, ग्रामपंचायतीचं तर आणखी त्रांगडं. वॉर्डात जितक्या जागा तितकी मतं, वर सरपंचाचं वेगळं. थेट लोकांनी निवडायचा सरपंच 2017 ला आला, 2020 ला गेला, 2022 ला परत आला. मोठ्यांचाच गोंधळ उडतो.

शाळेकडूनही कमी पडतंच. प्रभात फेरी, रांगोळी, 'मतदान करा'ची घोषणा, आणि 25 जानेवारीचा मतदार दिवस आटोपला. त्यात ना यादी, ना नमुना 6. समितीच्या येत्या सभेत मी विषय मांडणार आहे: रांगोळीऐवजी सातवीच्या पोरांकडून आपल्या गावाची मतदार यादी मोठ्यानं वाचून घ्यायची आणि ज्याच्या घरचं नाव गळालं असेल त्याला नमुना 6 नेऊन द्यायचा. मेसेज पाठवणाऱ्यांनीही यावं. त्यांच्या घरचीही नावं तपासून होतील.