अमेरिकेतला कापूसवाला सरकारकडून काहीच घेत नाही? हिशोब बघा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: "अमेरिकेतला शेतकरी हजारो एकर स्वतःच्या हिमतीवर करतो, सरकारपुढे हात पसरत नाही, म्हणून त्याचा कापूस स्वस्त. आपल्याला मात्र सगळं फुकट पाहिजे." वऱ्हाडातल्या कापूसवाल्यांच्या घरातली पोरंसुद्धा हे फॉरवर्ड करतायत, म्हणून लिहितोय.

"हात पसरत नाही." साफ खोटं. टेक्सासमधली गेन्स काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) घ्या, कापूस आणि भुईमूग पिकवणारा ग्रामीण भाग. तिथं शेताला जुन्या पेऱ्यावरून ठरलेले 'बेस एकर' असतात. 2018 च्या कायद्यात सरकीसकट कापसाचा रेफरन्स भाव, म्हणजे भावफरक मोजायचा आधारभाव, पौंडाला 36.7 सेंट धरला, देशातला सरासरी भाव त्याच्या खाली गेला की बेस एकरच्या 85 टक्क्यांवर फरकाचे पैसे सरकार देतं, आणि त्या वर्षी त्या रानात कापूस पेरलेलाच पाहिजे अशी अटही नाही. 2025 मध्ये तोच भाव 42 सेंट केला. शिवाय चीनशी व्यापारावरून वाजलं तेव्हा 2018 आणि 2019 साठी 23 अब्ज डॉलरच्या आसपास शेतकऱ्यांना वेगळे वाटून दिले.

विम्याचंही तेच, प्रीमियमचा निम्म्याहून जास्त हिस्सा सरकार भरतं. आता खरं ते खरं, आपल्याकडेही कापसाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंतच असतो, बाकी सरकार भरतं. पण तिथं शेतकऱ्याला स्वतःच्या शेताच्या उत्पादनावर विमा घेता येतो, आपल्याकडे अख्ख्या महसूल मंडळाच्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून काढलेल्या सरासरीवर, सगळं ठरतं. तुमचं रान वाहून गेलं आणि मंडळाची सरासरी बरी निघाली तर बसा बोंबलत.

"म्हणून स्वस्त." यंत्रं मोठी आहेत, एकरी उतारा आपल्यापेक्षा बराच जास्त आहे, हे मान्य. पण सबसिडीमुळे जगात कापसाचे भाव पडतात अशी केस ब्राझीलने 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत घातली, निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला, आणि 2014 मध्ये ब्राझीलला 30 कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवावं लागलं. हिमतीवरच चाललं असतं तर हे पैसे कशाचे दिले?

"आपल्याला सगळं फुकट." पीएम किसानचे 6 हजार, नमो शेतकरीचे 6 हजार, वर्षाला 12 हजार. तेही सातबारा ज्याच्या नावावर त्यालाच, दुसऱ्याचं शेत ठोक्याने, म्हणजे भाड्याने, करणाऱ्याला शून्य. तिकडे 2018 च्या कायद्यात भावफरकाची मर्यादा माणशी सव्वा लाख डॉलर होती, म्हणजे कोटीच्या वर, आणि शेतीत भागीदार दाखवले की प्रत्येकाची मर्यादा वेगळी, पुतणे-भाचे, चुलत भाऊसुद्धा चालतात. आपल्याकडे 2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 जाहीर झाला, पण तो घ्यायला कपास किसान ॲपवर नोंदणी करा, स्लॉट घ्या, केंद्रावर भाड्याची गाडी नेऊन उभी करा, आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर भरला की माल परत. मग व्यापारी म्हणेल तो भाव.

आणि हे सगळं चालू असताना आपण 19 ऑगस्ट 2025 पासून वर्षअखेरपर्यंत कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी काढून टाकली, ऐन वेचणीच्या हंगामात. यवतमाळचा पाच एकरवाला टेक्सासच्या शेतकऱ्याशी एकवेळ लढेल हो, अमेरिकेच्या तिजोरीशी कसा लढणार?

तो मेसेज परत आला तर पाठवणाऱ्याला एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या अमेरिकेतल्या संस्थेची साइट उघडायला सांगा. तिथं काउंटीनुसार सबसिडीचे आकडे आहेत, कुठलीही कापसाची काउंटी निवडा आणि वाचा.